स्टेपनी बदलता येते का?

सहलीला निघायचं म्हटलं की आपल्याकडे कामाची वाटणी ठरलेली. गाडी, पेट्रोल, चाकांतली हवा, रस्ता हे पुरुषांचं खातं. दशम्या, चटणी, औषधं, मुलांचे कपडे हे बाईचं. ही वाटणी इतकी अंगवळणी पडलीय की तिच्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. मला मात्र आता ती धोक्याची वाटते, आणि याला कारण ऑस्ट्रेलियातलं वाळवंट.

माझी लेक आणि जावई अ‍ॅडलेडला असतात. गेल्या जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, त्यांच्याबरोबर उडनाडाटा ट्रॅकवर गेले. मारीपासून मार्लापर्यंतचा हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. मधे विल्यम क्रीक आणि उडनाडाटा अशी दोनच वस्तीची ठिकाणं, तीही एकमेकांपासून दोनशे किलोमीटरवर. मोबाईलला रेंज नाही. गाडीमागे जोडलेला ट्रेलर म्हणजेच आमचं घर. तंबू, शेगडी, शिधा, पाणी सगळं त्यात.

ट्रेलर भरायला मी पुढे सरसावले. डबे भरणं हा तर आपला हातखंडा! पण लेकीनं थांबवलं. जड सामान चाकांच्या वर, मधोमध ठेवायचं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे गाडीच्या कडीवर यायला हवा. मागे ओझं वाढलं तर ट्रेलर झोकांड्या खातो. माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरलेलं, आणि एक लिटर म्हणजे एक किलो, हाही हिशेब होताच. मला लगेच बैलगाडी आठवली. मागे भार झाला की ती उलळते, पुढे झाला तर बैलांच्या मानेवर येतो. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक होतं. आपणच विसरलो.

रस्ता म्हणजे नालीदार पत्रा! हजारो चाकांनी उठवलेल्या आडव्या लाटा. हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होतात, म्हणून दर मुक्कामी ते तपासायचे. चाकांतली हवा कमी करायची, ट्रेलरच्यासुद्धा. वेगही कमी, नाहीतर टायर तापून फुटतो. गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेला दगड ट्रेलरवर आपटून परत येतो आणि गाडीची मागची काच फोडतो, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या मुक्कामी जावयांना सणकून ताप भरला. पुढचे दोनशे किलोमीटर लेकीनं गाडी हाकली, ट्रेलरसकट. एका ठिकाणी तर तिनं तो उलटा मागे घेतला. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर पाहणाऱ्यांना माहीत असेल, ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ती डावीकडे जाते! मी शेजारी सॅटेलाइट फोन घेऊन बसले होते. निघण्यापूर्वी लेकीनं तो माझ्याकडून चार वेळा लावून घेतला होता. तिचं म्हणणं साधं होतं, “आई, ज्याला येतं तोच आजारी पडला तर?”

या प्रश्नाचं मोल तिकडच्या लोकांनी फार महाग देऊन जाणलंय. मारीहूनच निघणाऱ्या बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या परिसरात डिसेंबर १९६३ मध्ये एका कुटुंबातले पाचही जण दगावले. पेट्रोल संपलं, ते गाडी सोडून निघाले आणि ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून गेले. म्हणूनच तिथला पहिला नियम, गाडी सोडायची नाही. माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत हवं, मुलांनासुद्धा.

कुणी म्हणेल, “आधीच कामं काय कमी आहेत? त्यात आणखी जॅक-पाना कशाला?” बोलणं खोटं नाही. बाईच्या पाठीवर आणखी एक ओझं टाकायला मीही सांगत नाही. माझं म्हणणं वाटणी मोडा असं नाही; वाटणी ठेवा, पण दोघांनाही दोन्ही येऊ द्या. जावयांना भाताचा कुकर लावता येतो, म्हणून तर लेकीला चार तास निर्धास्त गाडी चालवता आली आणि मुक्कामी ताप उतरल्यावर आम्हाला गरम जेवण मिळालं!

आपल्याला कुठे वाळवंटात जायचंय, असं म्हणू नका. रात्री घाटात गाडी पंक्चर झाली, शेजारी नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं, तर ते वाळवंटच की! लायसन्स काढून कपाटात ठेवणाऱ्या कितीतरी जणी माझ्या ओळखीत आहेत. हातात गाडी द्यायला घरचे कचरतात, मग हात बसत नाही, आणि हात बसत नाही म्हणून गाडी मिळत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी एक करा. घरची गाडी अंगणात उभी असतानाच डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना शोधा. एकदा चाक स्वतः उतरवून पुन्हा बसवा. हात काळे होतील, होऊ देत. साबणानं निघतात. आणि हो, त्या वेळात स्वयंपाक कुणी करायचा, हेही आधीच ठरवून टाका!