हिरवा ठिपका

तर मंडळी, रविवारी रात्री आमची साइट नव्या रूपात एकदाची सुरू झाली. 'जवळचं, आत्ता उघडं असलेलं दुकान शोधा' म्हणणारी हीच ती, जी मी आणि माझा मित्र नोकरी सांभाळून चालवतो. रंग बदलले, अक्षरं मोठी केली, मोबाइलवर पटकन उघडते वगैरे ठीक आहे. मला लिहायचंय ते आम्ही काढून टाकलेल्या एका गोष्टीबद्दल.

आधी दुकानाच्या नावापुढे एक ठिपका असायचा. हिरवा म्हणजे उघडं, लाल म्हणजे बंद. लोकांना तो फार आवडायचा. मलाही.

गेल्या मे महिन्यात बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब संपले. बाबा ७६ वर्षांचे. मुलाची साइट म्हणून कौतुकानं तीच उघडतात. घर नारायण पेठेत, वेळ दुपारी सव्वादोनची. जवळच्याच औषधाच्या दुकानापुढे हिरवा ठिपका. गेले, तर शटर खाली! तिथेच पायरीवर बसून त्यांनी पुन्हा पाहिलं. पुढचं दुकान '४०० मीटर', तेही हिरवं. फक्त ते नदीपलीकडे, डेक्कनला होतं. आमची साइट अंतर मोजायची सरळ रेषेत, आणि बाबांना जायचं होतं पुलावरून. थेंब घेऊन घरी आले आणि संध्याकाळपर्यंत चक्कर येते म्हणून पडून राहिले. मला म्हणाले, "दुसरं उघडं होतं बरं का." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पहिल्या दुकानात गेलो. आमच्याकडे त्यांची वेळ 'सकाळी ९ ते रात्री ९' अशी होती, दोन वर्षांपूर्वी फोन करून विचारलेली. मध्यंतरी त्यांचा मदतनीस सोडून गेला, तेव्हापासून ते १ ते ४ बंद ठेवतात. मी म्हटलं, "काका, कळवायचं नाही का?" ते म्हणाले, "कुणाला? तुम्ही आलात का परत विचारायला?"

नव्या साइटची सगळी आखणी या एका वाक्यावर झाली म्हटलं तरी चालेल.

पुण्यात दुपारी बंद ठेवण्यावर विनोद पुष्कळ झाले. २०१७ मध्ये चितळ्यांनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तर ती चक्क बातमी झाली. पण वेळ बदलते ती अशा थट्टेच्या कारणांनी नाही. माणूस कमी पडतो, घरात आजारपण येतं, मुलीचं लग्न निघतं. त्याच २०१७ मध्ये राज्यात दुकानांचा नवा कायदा आला. कामगारांना साप्ताहिक सुट्टी दिली की दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं. म्हणजे 'सोमवारी बंद' हे आता ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि जून २०२० आठवतोय ना? रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कुठलं वेळापत्रक टिकणार होतं त्यात?

ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात दुपारची सुट्टी, साप्ताहिक सुट्टी, सणवार, सगळं नोंदवायची सोय आहे. सोय चांगलीच आहे. पण नोंद कुणीतरी करावी लागते आणि पुन्हा जाऊन तपासावी लागते. तो ठिपका 'उघडं आहे' म्हणायचा, तेव्हा खरं तर 'दोन वर्षांपूर्वी कुणीतरी असं सांगितलं होतं' एवढंच त्याला ठाऊक असायचं. हा मला आता सरळसरळ खोटेपणा वाटतो.

म्हणून आता ठिपका नाही. आता दिसतं ते असं: '९ ते १ आणि ४ ते ९. मंगळवारी दुकानदाराशी बोलून खात्री केली.' शेजारी फोनचं बटण. तीन महिने खात्री झाली नसेल, तर तेही स्पष्ट लिहिलेलं. अंतर आता चालायच्या रस्त्यानं मोजतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, की तो रस्ता आम्ही हातानं बंद करणार. (हो, हातानंच. हसू नका.)

मित्राला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, लोकांना हो की नाही एवढंच हवं असतं, वाचत कोण बसतं? त्याचं चूक आहे असं म्हणवत नाही. तीन दिवसांत बरेचजण काहीही न दाबता परत गेले, हे आकड्यांत दिसतंय. रात्री दोनला तापानं फणफणलेलं मूल मांडीवर असेल, तर मलाही हिरवाच ठिपका हवा असेल. पण त्याच वेळी तो चुकीचा निघाला तर? त्यापेक्षा 'आधी फोन करा' बरं.

वेळा ताज्या ठेवायचं काम मात्र अवाढव्य आहे. दोघांच्यानं होण्यातलं नाही. सध्या शनिवारी सकाळी मी नारायण आणि शनिवार पेठ फिरतो, तो एरंडवणे. औषधवाल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायची सवय लावलीये. काल त्यांचा पहिला निरोप आला: "गुरुवारी दुपारनंतर बंद. नातवाचं बारसं."

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "बुधवारीच आणून ठेव मग."