तक्रारीला दार हवे

"पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका" असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. नोकरी जाणे म्हणजे नुसता पगार जाणे नव्हे. घरातला मान जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान खाली जाते आणि रात्रीची झोप उडते. हे दुःख खरे आहे. परंतु या दुःखाच्या पोटी कोणी आपल्याच जुन्या सोबत्यांचे प्राण घेऊ लागला, तर समाजाने काय म्हणावे?

अमेरिकेत शिकागोजवळ शॉमबर्ग नावाचे गाव आहे. मोटोरोला कंपनीचे मुख्य कार्यालय तेथे अनेक वर्षे होते आणि पुष्कळ भारतीय कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली आहेत. शॉमबर्गला लागूनच पॅलाटाइन हे गाव आहे. ८ जानेवारी १९९३ च्या रात्री तेथील 'ब्राऊन्स चिकन' या खाणावळीत मालक पतिपत्नी व पाच नोकर अशा सात जणांची हत्या झाली. पहिला संशय कोणावर आला? कामावरून काढलेल्या एका माजी नोकरावर! त्याला पकडले आणि मग सोडून द्यावे लागले, कारण तो निर्दोष होता. खरे गुन्हेगार दोन तरुण होते व ते २००२ साली हाती लागले. त्यांपैकी एक जण पूर्वी तेथे कामाला होता खरा. पण तेथील वहिवाट त्याला ठाऊक होती म्हणून ती जागा निवडली गेली, सूड घेण्यासाठी नव्हे. त्यांचे हे कृत्य ठाऊक असलेली एक तरुणी भीतीपोटी नऊ वर्षे गप्प होती. ती बोलली तेव्हाच गाठ उकलली.

यावरून पहिला धडा असा की, नाराज माणूस दिसला की त्याला खुनी समजू नये. लाखो माणसांची नोकरी जाते. ती मुकाट्याने दुसरे काम शोधतात.

दुसरा धडा त्याच परिसरातील ऑरोरा शहराचा आहे. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील हेन्री प्रॅट या पाण्याच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात गॅरी मार्टिन या कामगाराला नोकरी संपल्याचे सांगण्यासाठी बोलावण्यात आले. पंधरा वर्षे तेथे काम केलेल्या त्या माणसाने पिस्तूल काढून पाच सहकाऱ्यांना ठार केले. पाच पोलिसांनाही गोळ्या लागल्या आणि शेवटी तो स्वतःही मारला गेला. मेलेल्यांत एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. उमेदवार म्हणून कामावर येण्याचा त्याचा तो पहिलाच दिवस! त्याने कोणाचे काय बिघडवले होते?

त्याच सकाळी, "मला काढले तर सर्वांना मारीन," अशा अर्थाचे मार्टिन एका सोबत्याजवळ बोलला होता. तो नेहमीच काहीबाही बोलतो म्हणून सोबत्याने ते मनावर घेतले नाही. मार्टिनला पूर्वी गंभीर मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, म्हणून २०१४ सालीच त्याचा शस्त्रपरवाना रद्द झाला होता. सरकारने पत्रही पाठविले. पण पिस्तूल त्याच्या घरीच राहिले. अशी शस्त्रे परत मिळविण्यासाठी इलिनॉय राज्याने २०२१ साली कायदा कडक केला. पाच जीव गेल्यावर!

लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातून काढलेल्या ख्रिस्तोफर डॉर्नर याने तर फेब्रुवारी २०१३ मध्ये काही दिवसांत एकामागून एक चार खून केले. त्याचे पहिले बळी कोण? खात्याच्या चौकशीत त्याची बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्याची मुलगी आणि तिचा भावी पती. सूड नेहमी असाच आंधळा असतो. ज्याच्यावर राग, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. वाटेतल्या निरपराध्यालाच गिळतो.

वाचकहो, आपल्या बेटावर बंदूक इतकी सहज हाती येत नाही, ही देवाची कृपा. पण अन्याय आणि संताप आपल्यालाही नवे नाहीत. आपले आजे-पणजे उसाच्या मळ्यांत राबले, तेव्हा तक्रार करायला मळा सोडून जाणाराच अपराधी ठरत असे. तरीही १८७१ साली अदोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या गिरमिटियांनी अर्जावर सह्या-अंगठे केले आणि १८७२ साली राणीच्या सरकारला चौकशी आयोग धाडावा लागला. त्यांचे दुःख मार्टिनच्या दुःखाहून थोडे का होते? त्यांनी तक्रारीसाठी दार शोधले, आणि ते बंद होते तेव्हा सर्वांनी मिळून ठोठावले.

ते दार उघडे ठेवणे आज आपल्या हाती आहे. गैरवर्तनाच्या आरोपावरून काढण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, असे आपला २०१९ चा कामगार हक्क कायदा सांगतो. मालकांनी तो केवळ कागदावर पाळू नये. माणसाला काढावेच लागले, तर अपमान करून काढू नये. सोबत्यांनी, कोणी मारण्यामरण्याची भाषा करू लागला, तर "बडबड आहे" म्हणून हसण्यावारी न नेता वरिष्ठांच्या वा पोलिसांच्या कानी घालावे. ती चहाडी नव्हे. घरच्यांनीही, नोकरी गेलेल्या भावाला, मुलाला टोमणे मारण्याऐवजी जेवायला जवळ बसवावे.

ऑरोरात त्या सकाळी एका माणसाने शब्द ऐकले होते. आपण ऐकले, तर आपण काय करू?