पहाटेची कीर्द

दिवाळी सरली की आपल्या बेळगावच्या थंडीला धार चढते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवरचे हे गाव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४ अंशांच्या आसपास उतरतो. साडेपाचचा गजर वाजतो आणि आदल्या रात्री केलेला व्यायामाचा निश्चय गोधडीत तोंड लपवतो. हौसेने घेतलेले नवे बूट आठ दिवस मैदान पाहतात आणि नवव्या दिवशी पलंगाखाली जातात.

याचा दोष आपण आळसाला देतो. मला वाटते, खरी चूक वेगळीच आहे. आपण उत्साह येण्याची वाट पाहतो. थंडीत उत्साह आधी येत नाही. अंग तापल्यावर येतो. म्हणजे प्रश्न तासाभराच्या व्यायामाचा नसून पहिल्या दहा मिनिटांचा आहे.

ही दहा मिनिटे गेल्या वर्षी मला एकट्याला जमली नाहीत. यंदा जमली, ती एका मित्रामुळे. तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. पावणेसहाला तो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असतो. एकदा मी उठलोच नाही; मोबाईलही बंद करून ठेवला होता. तो अर्धा तास कुडकुडत थांबला आणि परत गेला. मला वाटले, आता बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोपऱ्यावर हजर! त्यानंतर गोधडीत पडून राहण्याची मला लाज वाटू लागली.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही आधी सात-आठ मिनिटे नुसते चालतो. थंडीत स्नायू आखडलेले असतात. एकदम धावले तर लचक भरते. मग धावणे आणि शेवटी सूर्यनमस्कार. मी कन्नडात मोजतो, तो मराठीत. चुकले की दुसरा हसतो. गावातल्या भाषेच्या वादावर आमची मते आजही जुळत नाहीत. पावणेसहाची वेळ मात्र जुळली आहे.

वडीलधाऱ्यांनी मात्र आमच्याशी चढाओढ करू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, उन्हे वर आल्यावरच बाहेर पडावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. कीर्दीत त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी व्हावी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. व्यायामाचेही तसेच आहे. आठवडाभर झोपून रविवारी दोन तास पळाल्याने हिशेब जुळत नाही; उलट सोमवारी पाय धरतात. नोंद छोटी असली तरी चालेल, रोज हवी.

तेव्हा मित्रहो, यंदा नवे बूट घेण्याआधी एक सोबती शोधा. तो या अंकाच्या कोणत्याही विभागातला चालेल. फक्त वेळेवर कोपऱ्यावर उभा राहणारा हवा, आणि त्याच्यासाठी आपणही उभे राहायला हवे.