आजोबांचे भाषण

दिवाळी अंकासाठी कथा यायला लागल्या की त्यांच्यासोबत आजोबाही येतात. ते झोपाळ्यावर, मुलगा लॅपटॉपवर, नातू मोबाइलमध्ये. चौथ्या पानावर आजोबा आजारी पडतात, पाचव्यावर नातवाचे डोळे उघडतात. मध्ये कुठेतरी ‘संस्कार’ हा शब्द येतो आणि आमचा हात लाल पेनकडे जातो.

घरातून मुलाकडे काय जाते, हे पाहायचे तर बाबुराव बागूल यांची ‘आई’ ही कथा पुन्हा काढावी. वर्गात मास्तर आईवरची कविता शिकवताहेत आणि पांडूच्या आईबद्दल पोरे नको ते बोलताहेत. क्षयाने गेलेल्या बापाने बायकोवर संशय घेऊन तिला छळलेले. बाप गेला, संशय घरातच राहिला, आणि तो पोराच्या नजरेत उतरला. आईवर पाळत ठेव, असे पांडूला कुणी शिकवलेले नाही. टोमणे वस्तीचे, बघण्याची रीत मात्र बापाची. शिवाय बागूल आईची बाजूही झाकून ठेवत नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या कथांत आईला बाजूच नसते.

व्यंकटेश माडगूळकरांचा ‘धर्मा रामोशी’ही आठवा. लेकीसाठी बाप काय करतो, हे तिथे एका धोतरात येते. ते व्यक्तिचित्र आहे, कथा नव्हे, असे कुणी म्हणेल. म्हणो.

आमच्या घरचे सांगतो. आजी झिजलेली साबणाची वडी ओली करून नव्या वडीच्या पाठीवर दाबायची. त्या चिकटपणाची आईला किळस; त्यावरून दोघींचे वाजायचे. आजी गेल्यावर आईही तेच करू लागली. कधीपासून, कुणाच्या लक्षात आले नाही. माझी लेक हिंजवडीत नोकरी करते, पगार चांगला आहे. हँडवॉश संपत आला की बाटलीत पाणी घालून खळखळवते आणि आणखी चार दिवस चालवते. तिने पणजीला पाहिलेलेही नाही.

कादंबरीवाल्याला पिढीमागे एक प्रकरण परवडते. आपल्या हातात दोन-अडीच हजार शब्द. त्यात तीन पिढ्यांचा इतिहास कोंबण्यापेक्षा तो साबण पुरतो. आई बदलली तो दिवस कुणीच पाहिला नाही, आणि लिहिण्याजोगा तोच आहे.

कथा जुलैअखेरपर्यंत पाठवा. ज्यांच्या परत गेल्या, त्यांनी आजोबांचे भाषण काढून त्याच पुन्हा पाठवल्या तरी आम्ही वाचू.