तांब्याची पुडी आणि उकिरड्याचा हिशेब



पेरणीच्या तोंडावर खताचे पोते मागायला जावे, तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी गळ्यात मारतात. पुडी घेतली तर पोते, नाही तर माल संपला! पुडीवर जस्त, लोह, बोरॉन आणि तांबे. आमच्या रानाला तांबे हवे का, हे विचारले कुणी?

2015 साली केंद्र सरकारने मृद आरोग्य पत्रिका आणली. तिच्या 12 रकान्यांत तांबेही आहे. पिकाला मिळण्याजोगे तांबे मातीच्या 10 लाख भागांत 0.2 भागापेक्षा जास्त असले, तर ते पुरेसे धरतात. एका एकराच्या वरच्या सहा इंच थरात आठ-नऊ लाख किलो माती. तिला हे तांबे लागते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास! मराठवाड्याच्या काळ्या रानांत एवढे बहुधा असतेच. तूट निघते ती जस्ताची आणि लोहाची. मग तांब्याचे पैसे कशाचे?

शेणखत, धसकटे, पालापाचोळा कुजून जो काळा अंश मातीत उरतो, तो तांब्याला जस्तापेक्षाही घट्ट धरतो. शास्त्रज्ञ हे उजेडावरून ओळखतात. या अंशाच्या अर्कावर अतिनील किरण सोडले की तो निळसर उजेड देतो. त्यात थोडे थोडे तांबे घालत गेले की उजेड मंदावत जातो. किती मंदावला, त्यावरून तांबे किती बांधले गेले ते मोजतात. आमच्या पत्रिकेत मात्र सेंद्रिय कर्बाचा एकच आकडा. कर्ब किती ते कळते, त्याची धरण्याची ताकद किती ते नाही.

घातलेले तांबे पावसाने सहजी वाहून जात नाही. फ्रान्समध्ये 1885 पासून द्राक्षांवर मोरचूद-चुन्याचे मिश्रण फवारू लागले. युरोपातल्या जुन्या बागांच्या मातीत ते तांबे साठले आणि गांडुळांच्या मुळावर आले. गरज नसता पुडी टाकणे म्हणजे पैसा देऊन दुखणे विकत घेणे.

साहेब सांगतात, शेणखत घाला. आम्ही कुठे नाही म्हणतो? पऱ्हाटी बांधावर पेटवतो ही आमचीही चूक आहे. पण ज्वारीला भाव नाही म्हणून ज्वारीचा पेरा घटला. पेरा घटला म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून दावणीची जनावरे गेली, जनावरे गेली म्हणून उकिरडा रिकामा झाला. मातीतला काळा अंश बाजारभावाने खाल्ला आहे. तो व्याख्यानाने भरून येणार नाही.

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथले ज्ञान गावच्या पारावर यावे, एवढेच मागणे. म्हणून बैठकीत तीन ठराव मांडू: खतासोबत पुडीची सक्ती बंद. माती तपासणीचा प्रत्येक आकडा गावात समजावून द्या. आणि ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव द्या.

येताना प्रत्येकाने आपली पत्रिका सोबत आणावी. तांब्याचा रकाना आधी वाचू, पुडीचे मग बघू.