मौनाची संमती

सामुदायिक दावा म्हणजे दुर्बळांची एकजूट, अशी आपल्या कार्यकर्त्यांची सरसकट समजूत असते. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे अमेरिकेतील प्रकरण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे. चाचणीपुरताच विषारी धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा कंपनीने मोटारींत दडवली होती. २०१५ साली हे उघडकीस आले. पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात तडजोड मंजूर झाली : दोन लिटर इंजिनांच्या सुमारे पावणेपाच लाख मोटारींची परतखरेदी अथवा दुरुस्ती, शिवाय मालकास किमान ५,१०० डॉलर रोख.

रक्कम क्षुल्लक नव्हे. मेख निराळीच आहे. 'मी यात नाही' असे जो मुदतीत लेखी कळवीत नाही तो तडजोडीत सामील धरला जातो आणि त्याचा स्वतंत्र दाव्याचा हक्क संपतो. ज्यांची कधी सभा भरली नाही, ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्या समुदायाला कामगार संघटनेचे माप कसे लावावे? बाहेर पडणाऱ्यांना फुटीर म्हणणे म्हणूनच आम्हांस मान्य नाही. अशांपैकी काहींचे दावे २०२० साली ज्युरीपुढे उभे राहिले. काही वादींना प्रत्येकी २५ हजार डॉलर दंडात्मक भरपाई मिळाली. न्यायाधीशांनी ती पुढे बरीच घटवली, हेही सांगितले पाहिजे.

तेवढ्यासाठीही चार वर्षे थांबावे लागले. रोज त्याच मोटारीने कामावर जाणाऱ्या व तिचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला २०१६ सालचा धनादेश नाकारणे परवडणारे नव्हते.