विश्लेषण : घरपोच रुग्णसेवेवर नियंत्रण कोणाचे? गेटवरच्या रक्षकाला नियम, घरातल्या ‘केअरटेकर’ला का नाहीत?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी घरी येतात. मुले परदेशात, सोबतीला फक्त ऐंशीचे आजोबा. ‘ब्युरो’ला फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केअरटेकर दारात हजर. कोथरूड, औंध, सहकारनगर अशा भागांत हे चित्र आता नवे नाही. पण आलेल्या व्यक्तीचे प्रशिक्षण कोणी तपासले आणि चूक झाली तर जबाबदार कोण?

नियम काय सांगतात?

सोसायटीला सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागतो. रक्षकाचे प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीही बंधनकारक आहे. रुग्णाच्या खोलीत रात्रभर थांबणारी व्यक्ती पुरवणाऱ्या ब्युरोसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ नुसार महापालिका रुग्णालयांची नोंदणी करते. तो कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागेपुरता आहे. रुग्णाचे स्वतःचे घर त्यात येत नाही.

ब्युरो दाखवतात ते बहुधा ‘शॉप अ‍ॅक्ट’चे कागद. ती व्यवसायाची नोंद असते, सेवेच्या दर्जाची हमी नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक कायदा दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळले.

‘सिस्टर’ की केअरटेकर?

पांढरा कोट घातला म्हणून कोणी परिचारिका होत नाही. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागावा, नूतनीकरणाची मुदत पाहावी. अंघोळ, जेवण भरवणे, कूस बदलणे, चालताना आधार देणे ही केअरटेकरची कामे. इंजेक्शन, सलाईन, नाकातून पोटात नळी घालणे, लघवीची नळी बदलणे यासाठी प्रशिक्षित परिचारिकाच हवी. कमी दरात ‘सगळेच करते’ असे सांगितले गेले, तर तिथेच थांबावे.

करारात काय हवे?

काही ब्युरो फक्त माणूस मिळवून देतात, कमिशन घेतात आणि बाजूला होतात. काही स्वतः कर्मचारी नेमतात. आपला ब्युरो कोणत्या प्रकारचा, हे आधी लेखी घ्यावे. सुट्टीला बदली व्यक्ती, कामांची यादी, चोरी किंवा दुखापत झाल्यास जबाबदारी, अनामत परत मिळण्याची अट आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हे मुद्दे करारात असावेत. केअरटेकरच्या विश्रांतीची वेळही ठरवावी. चोवीस तासांच्या ड्युटीत झोपच मिळाली नाही, तर औषधाची चूक होण्याचा धोका वाढतो.

दर्जा कसा ओळखावा?

घरात एक वही ठेवावी. औषधाची वेळ, रक्तदाब, खाणे, लघवी-शौच आणि कूस बदलल्याची वेळ त्यात रोज लिहिलेली हवी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. पाठ, माकडहाड आणि टाचा घरच्यांनी स्वतः पाहाव्यात. त्वचेवर न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण असते. दागिने, एटीएम कार्ड आणि पिन केअरटेकरच्या हाती देऊ नयेत.

तक्रार कुठे?

पैसे देऊन घेतलेली ही सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही. मात्र त्यासाठी पावती आणि करार हातात हवा. रोख पैसे देऊन तोंडी ठरवलेल्या व्यवहारात नेमके तेच नसते. मारहाण किंवा चोरी झाल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे.

स्वतंत्र कायदा येईपर्यंत तपासणीचे काम कुटुंबाकडेच राहते. ते काम केअरटेकर दारात येण्याआधी झालेले बरे.